‘मग माझी पोरगी घाण का?’ : पोर्नोग्राफी, स्त्रीवादी कायदेविचार आणि अभिव्यक्तीची मर्यादा

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांच्या एका वस्तीत मी काही वर्षांपासून महिन्यातून एकदा कायद्याची माहिती सांगायला जाते. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबत नाहीत. मांडीवरच्या सुपात तंबाखू असते, ओल्या पानांची चळत शेजारी असते, आणि हजार विड्यांचा हिशोब संध्याकाळपर्यंत पुरा व्हायचा असतो. अशाच एका बैठकीनंतर एक मावशी मागे थांबल्या. त्यांच्या बावीस वर्षांच्या मुलीचा चेहरा कोणीतरी एका परक्या नग्न शरीराला जोडला होता आणि ते चित्र मोबाइलवरून गल्लीभर फिरले होते. तक्रार त्यांनी कोणाकडून तरी लिहून आणली होती आणि तिचे पहिलेच वाक्य होते, ‘माझ्या मुलीचे अश्लील छायाचित्र प्रसारित झाले आहे.’ मावशींनी मला विचारले, “ताई, अश्लील म्हंजे घाणच ना? मग माझी पोरगी घाण का?”

हा प्रश्न जगभरातल्या कायदेपंडित स्त्रियांनी गेली चाळीस वर्षे वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. पोर्नोग्राफीविषयी कायद्याला नेमका कशाचा राग आहे, पाहणाऱ्याचे मन बिघडते याचा की चित्रातल्या स्त्रीवर अन्याय होतो याचा? उत्तर कोणते निवडावे यावर अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याची रेषा कुठे पडणार हे ठरते.

आधी जुने उत्तर पाहू. ‘अश्लील’ हा शब्द ‘श्री’पासून आला आहे. ज्यात श्री नाही, शोभा नाही, ते अश्लील. म्हणजे शब्दाच्या मुळाशीच सभ्यता आणि शोभा आहे, न्याय-अन्याय नाही. भारतीय दंड संहितेतले कलम २९२, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम २९४ झाले, याच कल्पनेवर उभे आहे. त्यासाठीची कसोटी आपण इंग्लंडमधून घेतली. १८६८ च्या ‘हिक्लिन’ खटल्यात तिथल्या न्यायाधीशांनी म्हटले होते की ज्यांची मने अशा अनैतिक प्रभावाला सहज बळी पडू शकतात त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती ज्या मजकुरात आहे, तो मजकूर अश्लील. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात हीच कसोटी मान्य केली आणि एका इंग्रजी कादंबरीची प्रत विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम ठेवली.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण चंद्रकांत काकोडकरांचे आहे. १९६२ च्या एका दिवाळी अंकात छापून आलेल्या त्यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. केवळ शृंगाराचा उल्लेख आला म्हणून कथा अश्लील ठरवायची तर किशोरांना धार्मिक पुस्तकांखेरीज काही वाचताच येणार नाही, अशा आशयाचे मत त्या निकालात आहे. मग २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात हिक्लिनची कसोटी अखेर बाजूला पडली. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची सावळ्या वर्णाची वाग्दत्त वधू यांचे विवस्त्र छायाचित्र कोलकात्याच्या प्रकाशनाने पुन्हा छापले होते. ते वर्णभेदाविरुद्धचे विधान आहे, त्याकडे सगळ्या संदर्भासह आणि आजच्या समाजाच्या प्रचलित मापाने पाहिले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले.

ही प्रगती खरीच आहे, आणि तरीही या प्रवासात एक गोष्ट बदलली नाही. १८६८ मध्ये ‘कोणाचे मन बिघडेल’ असे विचारले जात होते आणि २०१४ नंतर ‘समाजाला हे चालेल का’ असे विचारले जाते, पण दोन्ही वेळा न्यायाधीश चित्र पाहणाऱ्याच्या बाजूला उभा आहे. चित्रातली बाई तिथे स्वखुशीने आली का, तिला पैसे मिळाले का, ते चित्र फिरवायला ती हो म्हणाली होती का, यातले काहीही विचारण्याची या कलमाला गरज पडत नाही. मावशींना जे खुपले ते हेच होते.

या मांडणीला मुळापासून हात घातला तो अमेरिकेत कॅथरीन मॅकिनन आणि आंद्रेया ड्वॉर्किन या दोघींनी. १९८३ मध्ये मिनियापोलिस या शहराच्या नगर परिषदेसाठी त्यांनी एक नियम लिहिला. त्यात पोर्नोग्राफीची व्याख्या ‘घाण’ अशी नव्हती. शब्दांतून किंवा चित्रांतून लैंगिक रीतीने स्त्रियांना दुय्यम करून दाखवणे, म्हणजे वेदना भोगण्यात आनंद मानणारी, बांधलेली, मारहाण झालेली, वस्तूसारखी वापरली जाणारी अशी त्यांची मांडणी करणे, हे लैंगिक भेदभावाचे कृत्य आहे, असे त्या नियमाचे सांगणे होते. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. हा फौजदारी कायदा नव्हता. पोलिसांनी दुकानांवर छापे घालावेत अशी त्यात योजना नव्हती. जिच्यावर जबरदस्ती करून चित्रण केले गेले, जिच्यावर असे चित्रण लादले गेले किंवा अशा चित्रणामुळे जिच्यावर हल्ला झाला, त्या स्त्रीने स्वतः दिवाणी दावा लावावा आणि भरपाई मागावी, असा मार्ग होता. अशा साहित्याच्या व्यापाराविरुद्धही दावा करता येणार होता, आणि वादाची ठिणगी तिथेच अधिक पडली. परिषदेसमोरच्या सुनावणीत, एका गाजलेल्या चित्रपटात काम केलेल्या स्त्रीने, आपल्याला मारहाणीच्या धाकाखाली कॅमेऱ्यासमोर उभे केले गेले असे सांगितले. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो चित्रपट म्हणजे कोणाचे तरी ‘भाषण’ होते.

‘चित्र हे भाषण असताना त्याला कृत्य कसे म्हणता येईल?’ असा आक्षेप इथे हमखास येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. तत्त्वज्ञ रे लँग्टन यांनी १९९३ मध्ये याला उत्तर देताना जे. एल. ऑस्टिन यांच्या भाषाविचाराचा आधार घेतला. काही बोलणे हे वर्णन नसते, बोलताक्षणी काहीतरी घडते. आपल्याकडे याला परदेशी उदाहरणाची गरज नाही. जातपंचायतीच्या बैठकीत पंच जेव्हा म्हणतात की ‘आजपासून या घराला वाळीत टाकले’, तेव्हा ते मत मांडत नसतात. त्या शब्दांनीच त्या घराचे पाणी, लग्नकार्य, अंत्ययात्रेचे खांदे बंद होतात. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तेव्हा पंचांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आला असे कोणी शहाण्या माणसाने म्हटले नाही. चारचौघांत जातीवरून अपमान करणे हा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, तिथेही नुसते शब्दच असतात. मॅकिनन यांचे म्हणणे असे, की पोर्नोग्राफीचा मोठा भाग याच जातीचा आहे, तो स्त्रीचा दर्जा ठरवतो. लँग्टन यांनी त्यात भर घातली की तो स्त्रीचे बोलणेही निकामी करतो. ज्याने शेकडो चित्रफितींत ‘नाही’चा अर्थ ‘हो’ असा पाहिला आहे, त्याच्यासमोर एखादी स्त्री ‘नाही’ म्हणते तेव्हा शब्द तिच्या तोंडातून निघतो, पण नकार म्हणून पोहोचत नाही. स्वातंत्र्याच्या नावाखाली एकाचे भाषण जपताना दुसरीचे भाषण मारले जात असेल तर तो प्रश्न निव्वळ नैतिकतेचा उरत नाही.

पंचांच्या उपमेची मर्यादाही सांगायला हवी. पंचांच्या मागे गावाची सत्ता असते आणि त्यांचे शब्द लागू होतात ते त्या अधिकारामुळे. एखाद्या चित्रफितीला तसा अधिकार कोणी दिला? घराघरांत, हातातल्या फोनवर, शरीरसंबंधाविषयी दुसरे कोणी काहीच सांगत नसताना ती एकटीच शिकवत असते, म्हणून तिला तो अधिकार आपोआप मिळतो, असे उत्तर दिले जाते. ते मला बऱ्याच अंशी पटते, पूर्ण पटत नाही, कारण पाहणारा प्रत्येक जण सारखाच घडतो असे गृहीत धरणे माणसाला फार हलके लेखणे आहे.

मिनियापोलिसच्या महापौरांनी तो नियम नकाराधिकाराने रोखला. इंडियानापोलिसने १९८४ मध्ये तसाच नियम मंजूर केला, पण १९८५ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे कायम ठेवले. न्यायाधीश ईस्टरब्रुक यांचा निकाल वाचण्यासारखा आहे. अशा चित्रणातून स्त्रियांचे दुय्यमत्व टिकून राहते, घरात आणि कामावर त्यांचे नुकसान होते, हा दावा त्यांनी गृहीत धरला, आणि मग म्हटले की यातून या भाषणाची ताकदच सिद्ध होते. स्त्रियांकडे पाहण्याची अमुक दृष्टी मान्य आणि तमुक दृष्टी बंद, असे सरकारने ठरवू नये. अमेरिकेची घटना वाचली तर हा निकाल तर्काला धरून आहे. तरीही, नुकसान मान्य करून, त्याच नुकसानाला संरक्षणाचे कारण ठरवणारी ती वाक्ये वाचताना मी आजही अस्वस्थ होते.

या नियमाला विरोध करणाऱ्यांत स्त्रीवादी स्त्रियाही होत्या, आणि त्यांचा आवाज बाजूला ठेवून हा विषय समजणार नाही. नॅन हंटर आणि सिल्व्हिया लॉ यांनी याच खटल्यात सेन्सॉरशिपविरोधी स्त्रीवाद्यांच्या वतीने निवेदन दिले. ‘दुय्यम करून दाखवणे’ कशाला म्हणायचे हे शेवटी न्यायाधीश ठरवणार, आणि न्यायव्यवस्था तर पुरुषांच्याच हातात आहे. स्त्री ही फक्त बळी असते, तिला स्वतःची वासना नसते, ही जुनी समजूतच अशा कायद्याने पक्की होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवले. या नियमाला इंडियानापोलिसमध्ये पाठिंबा देणाऱ्यांत स्त्रियांच्या हक्कांशी फारसे देणेघेणे नसलेले सनातनी वळणाचे लोकही होते.

त्यांची भीती कॅनडात खरी ठरली असे म्हणावे लागते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या बटलर खटल्यात अश्लीलतेचा पाया नैतिकतेवरून हलवून हानीवर आणला. हिंसा आणि लैंगिकता एकत्र आणणारे किंवा माणसाला हीन करणारे चित्रण समाजाला, विशेषतः स्त्रियांना, हानिकारक आहे म्हणून ते रोखता येते, असे त्याने म्हटले. स्त्रीवादी वकिलांच्या संघटनेने त्या खटल्यात युक्तिवाद केला होता आणि तो त्यांचा विजय मानला गेला. त्याच वर्षी टोरांटोतल्या समलिंगी लोकांच्या एका पुस्तकदुकानावर पोलीस गेले, आणि पकडले काय, तर समलिंगी स्त्रियांनी स्त्रियांसाठी काढलेले मासिक. व्हँकूव्हरच्या ‘लिटल सिस्टर्स’ या दुकानाची पार्सले तर सीमाशुल्क खाते वर्षानुवर्षे अडवत होते. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये त्या खात्याने दुकानाला पक्षपाताने वागवल्याचे मान्य केले. व्याख्या बदलली होती, पण ती वापरणारे हात आणि त्या हातांमागची नजर जुनीच होती.

आपल्या मराठी मुलखाला हा अनुभव नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. संततिनियमन, स्त्रीचे कामसुख, वाचकांच्या खासगी शंका, या सगळ्यांवर ते सरळ लिहीत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून लिखाण अश्लील होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला ते हरले. ज्या कायद्याने पिवळी पुस्तके सर्रास विकली जात असताना डोळे मिटले, त्याने स्त्रियांना स्वतःच्या शरीराची माहिती देणाऱ्या माणसाला दंड केला.

अलीकडचे उदाहरण डान्स बारचे. महाराष्ट्राने २००५ मध्ये बारमधल्या नृत्यावर बंदी घातली, तेव्हा तरुण पिढी बिघडते आणि स्त्रीची प्रतिष्ठा जाते, अशी दोन्ही कारणे एका दमात सांगितली गेली. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र बंदीतून वगळले होते. स्त्री चळवळ या प्रश्नावर दुभंगली. काही संघटना बारबालांच्या रोजगाराच्या बाजूने उभ्या राहिल्या, तर काही दलित स्त्री कार्यकर्त्यांनी विचारले की ठरावीक जातींच्या मुलींनीच पुरुषांपुढे नाचायचे याला निवड कसे म्हणता. दोन्ही प्रश्न खरे आहेत. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. मधल्या वर्षांत ज्यांचे पोट गेले त्यांना मात्र कोणी काही परत दिले नाही.

सोलापूरकराला तर सरकारच्या हाती बंदीचे हत्यार देताना दोनदा विचार करायला शिकवावे लागत नाही. मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ लागला आणि पुढच्या जानेवारीत आपले चार हुतात्मे फासावर गेले. त्यातले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवत होते. चार पुतळ्यांच्या चौकातून जाताना मला नेहमी वाटते की बोलण्यावर बंधन घालायचे तर त्याचे कारण अगदी नेमके आणि मोजके असले पाहिजे.

आपली राज्यघटना अमेरिकेसारखी नाही. कलम १९(१)(क) भाषणाचे स्वातंत्र्य देते आणि लगेच १९(२) मध्ये वाजवी निर्बंधांची कारणे सांगते : देशाची सार्वभौमता, सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी वगैरे, आणि त्यातच ‘सभ्यता किंवा नीतिमत्ता’. स्त्रीची समानता किंवा प्रतिष्ठा हे कारण या यादीत नाही. ती सापडते कलम ५१-क मध्ये, जिथे स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. म्हणून स्त्रीच्या बाजूने बोलणाऱ्या वकिलालाही न्यायालयात ‘सभ्यते’च्या दारातूनच आत जावे लागते. १९८६ चा स्त्रियांचे असभ्य चित्रण प्रतिबंधक कायदा वाचला तर हा घोळ स्पष्ट दिसतो. स्त्रीला हीन लेखणारे चित्रण आणि सार्वजनिक नीतिमत्ता बिघडवणारे चित्रण, ही दोन अगदी वेगळी दुखणी त्याने एकाच व्याख्येत कोंबली आहेत. मला वाटते, २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला तेव्हापासून दुसरे आणि अधिक प्रशस्त दार उघडले आहे. माझे शरीर आणि त्याचे चित्र कोणी पाहावे हे मी ठरवणार, असा हक्काचा युक्तिवाद आता करता येतो आणि त्यासाठी शृंगाराला वाईट म्हणावे लागत नाही.

हा विचार कायद्यात काही ठिकाणी उतरलाही आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर २०१३ मध्ये दंड संहितेत स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे किंवा टिपणे याविरुद्धचे कलम ३५४-ग आले, जे आता न्याय संहितेत ७७ आहे. त्याच्या स्पष्टीकरणात एक मोलाचे वाक्य आहे : चित्रणाला स्त्रीची संमती असली, पण ते दुसऱ्यांना दाखवायला नसली, तर ते प्रसारित करणे हा गुन्हाच आहे. ‘फोटो काढू दिलास तेव्हा कळले नाही का?’ या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे उत्तर प्रत्येक मुलीला पाठ असायला हवे. २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या तमलुकच्या न्यायालयाने मैत्रिणीचे खासगी चित्रण पसरवणाऱ्या तरुणाला पाच वर्षांची शिक्षा दिली. मुलांच्या बाबतीत तर संमतीचा प्रश्नच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले की अशा चित्रणाला पोर्नोग्राफी म्हणणेच चूक आहे, ते मुलांच्या लैंगिक शोषणाचे आणि अत्याचाराचे साहित्य आहे. शब्द बदलल्याने नजर बदलते, हे इथे न्यायालयानेच मान्य केले. ज्या अमेरिकेने मिनियापोलिसचा विचार नाकारला, तिनेही मे २०२५ मध्ये असा कायदा केला की संमतीशिवाय टाकलेले खासगी चित्र, मग ते संगणकाने बनवलेले का असेना, तक्रारीनंतर ४८ तासांत काढलेच पाहिजे. दुय्यमत्वाचा मोठा प्रश्न तिथे बाजूलाच राहिला, पण संमतीचा छोटा प्रश्न मान्य झाला.

उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-अ संमतीचे नावही घेत नाही. लैंगिक कृत्याचा उघड मजकूर पाठवणे हाच गुन्हा. त्यामुळे स्वतःच्या विश्वासाच्या माणसाला स्वतःचे चित्रण पाठवणारी मुलगीही शब्दशः त्यात अडकू शकते, आणि तक्रार करायला आलेल्या मुलीला ही भीती आधी घातली जाते. मला विचाराल तर या कायद्यातली पहिली दुरुस्ती इथे हवी. प्रौढांमधला संमतीचा व्यवहार गुन्ह्यातून बाहेर काढावा, संमती मोडणाऱ्यावरची शिक्षा कडक राहू द्यावी, आणि मिनियापोलिसने सुचवलेला भरपाईचा दिवाणी मार्ग त्या स्त्रीच्या हाती द्यावा. सगळ्या पोर्नोग्राफीवर सरसकट बंदीची मागणी मी करणार नाही. २०१५ मध्ये सरकारने ८५७ संकेतस्थळे एका आदेशाने बंद करायला सांगितली आणि काही दिवसांतच तो आदेश सैल करावा लागला. त्या साऱ्या गडबडीत चित्रातल्या एकाही स्त्रीची तक्रार केंद्रस्थानी नव्हती.

मावशींच्या तक्रारीकडे परत येते. तिथे एक कायदेशीर अडचण होती. कलम ७७ खऱ्या चित्रणाला लागू होते. इथे शरीर परके आणि चेहरा तेवढा मुलीचा. म्हणून ओळख चोरण्याची आणि प्रतिष्ठेला धक्का देण्यासाठी बनावट दस्तऐवज करण्याची कलमे आम्ही लावली, पण भक्कम आधार म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६७ (अश्लील मजकूर पसरवणे) आणि ६७-अ ही कलमे घ्यावीच लागली, आणि त्यांच्यासोबत ‘अश्लील’ शब्दही कागदावर राहिला. तो पुरता काढता आला नाही. आम्ही तो खाली, कलमांच्या ओळीत नेला. पहिले वाक्य असे लिहिले : ‘माझा चेहरा माझ्या परवानगीशिवाय वापरून अनोळखी इसमाने बनावट चित्र तयार केले व पसरवले आहे.’ समाजमाध्यम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला वेगळे पत्र केले, कारण २०२१ च्या नियमांत अशी बनवलेली चित्रे तक्रार आल्यापासून २४ तासांत हटवण्याची जबाबदारी कंपनीवर टाकलेली होती. मावशींनी दोन्ही कागद मोठ्याने वाचून घेतले. तक्रारदार म्हणून त्या स्वतःचेच नाव घालणार होत्या, मुलीचे नाव कशाला पुढे, असे म्हणत होत्या. मुलगी तोवर दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती पुढे आली, पेन मागितले आणि सुपाशेजारीच बसून तिने सही केली.